चपटे डोके, हेल्मेट आणि बाळाची झोप : एका प्रश्नाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

तान्ह्या बाळाचे डोके मागून किंवा एका बाजूने सपाट होणे ही जगभर आढळणारी गोष्ट आहे. ती सुधारण्यासाठी मापाने बनवलेले हेल्मेट काही महिने घालावे की घालू नये, हा वाद बालरोगतज्ज्ञ, मेंदूशल्यविशारद आणि भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्यात तीन दशकांहून अधिक काळ चालू आहे. हे हेल्मेट दिवसाचे सुमारे २३ तास घालावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते. दोन्ही आकडे एकत्र ठेवले की हेल्मेटचे निम्म्याहून अधिक काम बाळ झोपेत असतानाच घडते हे उघड होते, आणि म्हणून झोपेचा प्रश्न या उपचाराच्या गाभ्याचा ठरतो.

मराठी कुटुंबांचा या साधनाशी संबंध मुख्यतः मोठ्या शहरांत किंवा परदेशात येतो. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखऱ्यासारख्या गावात हेल्मेट ही दूरची वस्तू आहे, मात्र चपट्या डोक्याची चिंता तेथील आजी आणि आई यांच्या नित्याच्या बोलण्यात असते. त्यामुळे हा आढावा हेल्मेटपुरता ठेवलेला नाही. बाळ कोणत्या स्थितीत, कशावर आणि कोणाच्या शेजारी झोपते याचाही विचार त्यात केला आहे.

घरातील परंपरा

जन्मावेळी कवटीची हाडे एकमेकांना पक्की जुळलेली नसतात. त्यांच्या सांध्यांत लवचीकपणा असतो आणि जेथे अनेक हाडे एकत्र येतात तेथे मऊ पोकळी राहते. मागची पोकळी साधारण दोन महिन्यांत भरते, पुढची म्हणजे टाळू बहुधा बारा ते अठरा महिन्यांत. कवटीच्या या मऊपणाची जाण परंपरेला फार पूर्वीपासून होती. टाळूवर तेलात भिजवलेला कापूस ठेवण्याची सूचना चरकसंहितेत आहे आणि ‘टाळू भरणे’ हा विधी मराठी बाळंतघरात आजही पाळला जातो. बाळाला न्हाऊ घालणारी अनुभवी बाई तेल चोळताना दोन्ही तळव्यांनी डोके गोल करते, नाक वर ओढते आणि कपाळ चोपते. मोहरी भरलेली उशी डोक्याखाली ठेवण्याची रीतही अनेक घरांत आहे, आणि बाळंतविड्याच्या सामानात अशी उशी हमखास मिळते.

या रीतींचे मूल्यमापन सरसकट करता येत नाही. हलक्या हाताने चोळल्याने बाळाला आराम मिळतो आणि माणसांचा स्पर्श लाभतो, पण हाताच्या क्षणिक दाबाने कवटीचा आकार टिकाऊपणे बदलतो असे मानण्यास आधार नाही, कारण आकार ठरतो तो तासन्‌तास एकाच जागी पडणाऱ्या हलक्या दाबाने आणि आतून होणाऱ्या मेंदूच्या वाढीने. जोराने दाबणे तर टाळलेच पाहिजे. मोहरीच्या उशीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. तिच्यातील दाणे सरकून डोक्याभोवती खळगा होतो आणि दाब थोडा विभागला जातो हे खरे, पण कूस बदलताना बाळाचे तोंड त्याच मऊ कडेत रुतू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नयेत असा इशारा दिला, त्यामागे गुदमरण्याची हीच भीती होती. त्या इशाऱ्यात मोहरीच्या उशीचे नाव नसले तरी त्याचे कारण तिलाही लागू पडते.

झोळीचाही उल्लेख येथे आवश्यक आहे. सोयाबीन किंवा हळदीच्या रानात काम चालू असताना झाडाला बांधलेली झोळी ही मराठवाड्यातील मजूर आईची एकमेव सोय असते. झोळीचे कापड डोक्याला दोन्ही बाजूंनी कवटाळते, त्यामुळे मागच्या एकाच बिंदूवर भार येत नाही. पण पाठीचा कणा वाकून लहानग्याची हनुवटी छातीला टेकली तर श्वासनलिका अरुंद होते, आणि आज बालरोगतज्ज्ञ सपाट, घट्ट पृष्ठभागाचा आग्रह धरतात तो यासाठीच. ज्या आईला दुसरा पर्याय नाही तिला केवळ ‘झोळी नको’ असे सांगून भागत नाही. झोळी नजरेसमोर असावी, कापड ताणून बांधावे, बाळाची मान सरळ राहते की नाही हे वरचेवर पाहावे आणि घरी आल्यावर त्याला सपाट अंथरुणावर घ्यावे, एवढे तरी सांगता येते.

उताणे झोपवण्याचा सल्ला आणि त्याचा परिणाम

पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाळांना पालथे झोपवण्याची पद्धत रूढ होती. झोपेतील आकस्मिक बालमृत्यू, म्हणजे वरवर निरोगी दिसणाऱ्या बाळाचा झोपेत झालेला आणि तपासानंतरही उलगडा न होणारा मृत्यू, याचा पालथ्या झोपेशी संबंध असल्याचे दिसून आल्यावर अमेरिकी बालरोग अकादमीने १९९२ मध्ये पालथे झोपवू नये असा सल्ला दिला आणि १९९४ पासून तेथे उताण्या झोपेची देशव्यापी मोहीम सुरू झाली. पुढच्या वर्षांत तेथे अशा मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात इतक्या साध्या उपायाने इतके जीव वाचल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

याच काळात चपट्या डोक्याची बाळे दवाखान्यात अधिक येऊ लागली. न्यूझीलंडमध्ये बाळांच्या एका गटाचा दोन वर्षे पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांना १६ टक्के, चार महिन्यांना १९.७ टक्के, आठ महिन्यांना ९.२ टक्के, बारा महिन्यांना ६.८ टक्के आणि दोन वर्षांना ३.३ टक्के बाळांत विकृती आढळली. कॅनडातील कॅल्गरी येथे सात ते बारा आठवड्यांच्या ४४० बाळांची तपासणी झाली, तेव्हा ४६.६ टक्के बाळांत कमी-अधिक सपाटपणा दिसला, पण त्यातील बहुतेक सौम्य होता. न्यूझीलंडच्या आकड्यांतील चढ आणि उतार हा पुढच्या सगळ्या वादाचा कणा आहे: सपाटपणा चार महिन्यांच्या सुमारास शिगेला पोहोचतो आणि बाळ मान सावरू लागले, कुशीवर वळू लागले, बसू लागले की बहुतेकांत आपोआप ओसरतो.

महाराष्ट्रात पालथे झोपवण्याची रूढी नव्हतीच. बाळ उताणे किंवा कुशीवर, आईला लागून, जमिनीवरील अंथरुणावर झोपत आले आहे. त्यामुळे पाश्चात्त्य मोहिमेमुळे येथील डोकी चपटी झाली असे म्हणता येत नाही. उलट गोल डोक्याच्या हौसेपायी उताणे झोपवणे सोडून देण्याचा मोह येथे होऊ शकतो. या मुद्द्यावर मात्र सर्व पक्षांचे एकमत आहे: डोक्याच्या आकारासाठी बाळाला पालथे झोपवू नये, मग हेल्मेट असो वा नसो.

निदानातील भेद

दाबामुळे आलेल्या सपाटपणाला स्थितिजन्य विकृती म्हणतात. तिच्यात वरून पाहिल्यास डोके तिरप्या समांतरभुज चौकोनासारखे दिसते आणि सपाट बाजूचा कान पुढे सरकलेला असतो. याहून वेगळा आणि विरळ प्रकार म्हणजे क्रॅनिओसिनोस्टोसिस, ज्यात कवटीचा एखादा सांधा वेळेआधीच जुळून हाड होतो. साधारण दोन ते अडीच हजार जन्मांमागे एका बाळात तो आढळतो, त्यात डोके वयाबरोबर सुधारत नाही आणि शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. हे दोन प्रकार वेगळे ओळखणे ही पहिली पायरी होय. अनुभवी डॉक्टरला ते बहुधा हाताने आणि नजरेने समजते, आणि प्रत्येक चपट्या डोक्याचा सीटी स्कॅन करण्याची गरज नसते.

दुसरी पायरी म्हणजे मान तपासणे. मानेचा एका बाजूचा स्नायू आखडलेला असेल, ज्याला टॉर्टिकॉलिस म्हणतात, तर बाळ सतत एकाच बाजूला तोंड करते आणि त्याच बाजूने डोके बसते. अशा वेळी मूळ अडचण मानेत असते आणि कवटीवर तिचा परिणाम दिसतो. हे लक्षात न घेता उशी किंवा हेल्मेट यांवर खर्च केला तर तो वाया जाण्याची शक्यता मोठी असते. या दोन गोष्टी झाल्यानंतर तिरकेपणा मोजला जातो. डोक्याच्या दोन तिरप्या कर्णांतील फरक हे त्याचे सर्वात सोपे माप असून ते साध्या कॅलिपरनेही घेता येते.

हेल्मेटचा वाद

अशा विकृतीसाठी हेल्मेट वापरल्याचे वैद्यकीय वर्णन १९७९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि १९९८ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने या साधनाला नियमनाच्या चौकटीत आणले. त्याचे तत्त्व साधे आहे. हेल्मेट डोके दाबून गोल करीत नाही. फुगीर भागाला ते केवळ टेकून राहते आणि सपाट भागापुढे मोकळी जागा सोडते, म्हणजे वाढणारा मेंदू कवटीला त्या मोकळ्या जागेकडे ढकलतो. डोक्याचा घेर पहिल्या तीन महिन्यांत दरमहा सुमारे दोन सेंटिमीटर, पुढच्या तीन महिन्यांत एक सेंटिमीटर आणि त्यानंतर वर्ष होईपर्यंत अर्धा सेंटिमीटर वाढतो. म्हणून चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास सुरू केलेला उपचार अधिक फलदायी मानतात, आणि वर्षानंतर त्याचा उपयोग फार उरत नाही.

हेल्मेटच्या बाजूने मोठा पुरावा २०१५ मध्ये शिकागो येथील चार हजारांहून अधिक बाळांच्या नोंदींतून आला. झोपेची बाजू बदलणे आणि मानेचे व्यायाम यांवर ठेवलेल्या बाळांपैकी ७७.१ टक्के बाळांचे डोके पूर्ण सुधारले, तर सुरुवातीपासून हेल्मेट दिलेल्यांत हे प्रमाण ९४.४ टक्के होते. साधे उपाय अपुरे पडल्यावर ज्यांना हेल्मेट दिले त्यांच्यातही ते ९६.१ टक्के आले. म्हणजे थोडी वाट पाहिल्याने नुकसान झाले नाही, आणि या अभ्यासातील हीच गोष्ट पालकांच्या सर्वाधिक उपयोगाची आहे. मात्र कोणाला कोणता उपचार द्यायचा हे तेथे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते.

तसे ठरवून केलेली चाचणी नेदरलँड्समध्ये झाली आणि २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. मध्यम ते तीव्र विकृती असलेल्या पाच-सहा महिन्यांच्या ८४ बाळांपैकी निम्म्यांना सहा महिने हेल्मेट दिले आणि उरलेल्यांना काहीच दिले नाही. दोन वर्षांच्या वयाला हेल्मेटच्या गटात २६ टक्के आणि दुसऱ्या गटात २३ टक्के बाळे पूर्ण बरी झालेली आढळली. हा फरक नगण्य होता, म्हणून संशोधकांनी निरोगी बाळांना सरसकट हेल्मेट देऊ नये असा निष्कर्ष काढला. त्यावर आक्षेपही आले. पात्र बाळांपैकी सुमारे एक पंचमांशच चाचणीत आली, अनेकांचे हेल्मेट नीट न बसता फिरत होते, आणि अतितीव्र विकृती किंवा टॉर्टिकॉलिस असलेली बाळे वगळली होती. हे आक्षेप वजनदार आहेत, तरीही त्यांनी चाचणीचा मुख्य निष्कर्ष पुसला जात नाही, कारण सामान्य पालक ज्या बाळासाठी हेल्मेटचा विचार करतात ते बाळ बहुधा याच मधल्या गटातील असते.

अमेरिकेतील मेंदूशल्यविशारदांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाने मधला मार्ग धरला. आधी स्थितीबदल आणि भौतिकोपचार करावेत. उशीपेक्षा भौतिकोपचार श्रेयस्कर मानावा, कारण तो सुरक्षित झोपेच्या नियमांशी सुसंगत आहे. एवढे करूनही मध्यम ते तीव्र विकृती टिकली तर हेल्मेट द्यावे. विकासाच्या संदर्भात, शालेय वयातील मुलांच्या २०१९ मधील एका अमेरिकी अभ्यासात बालपणी मध्यम वा तीव्र विकृती असलेल्यांचे बौद्धिक चाचण्यांतील गुण थोडे कमी आढळले आणि सौम्य विकृती असलेल्यांत तसा फरक दिसला नाही. चपटेपणामुळे विकास मंदावतो, की कमी हालचाल करणाऱ्या बाळाचेच डोके अधिक चपटे होते, हे त्यावरून ठरत नाही. दुसरी शक्यता अधिक संभाव्य वाटते, आणि तसे असेल तर हेल्मेटने विकासात फरक पडण्याचे कारण नाही.

हेल्मेट घालून झोप

हेल्मेट एकदम दिवसभर घालत नाहीत. पहिल्या दिवशी तास-दोन तास घालून काढतात, मग वेळ वाढवत आठवड्याभरात २३ तासांपर्यंत नेतात. त्यातही आधी दिवसाची डुलकी हेल्मेटमध्ये घेऊ द्यावी आणि ती अंगवळणी पडल्यावर रात्रीकडे वळावे, हा क्रम पालकांना सोपा जातो. बहुतेक बाळे थोड्या दिवसांत रुळतात. नेदरलँड्सच्या चाचणीत मात्र ९६ टक्के पालकांनी त्वचेचा दाह, ७१ टक्के पालकांनी वाढलेला घाम, ७६ टक्के पालकांनी दुर्गंधी आणि ३३ टक्के पालकांनी बाळाला होणारी वेदना नोंदवली. बाळाला कुशीत घेताना अडथळा वाटल्याचे ७७ टक्के पालकांनी सांगितले. हा शेवटचा आकडा वैद्यकीय चर्चेत मागे पडतो, वस्तुतः झोपेच्या दृष्टीने तो पहिल्या क्रमांकाचा आहे, कारण मराठी घरातील बाळ आईच्या दंडावर डोके ठेवून, तिच्या हाताच्या थोपटण्याने झोपते. हेल्मेट आल्यावर थोपटणारा हात डोक्यावरून पाठीवर आणि पोटावर न्यावा लागतो.

झोप बिघडण्याचे खापर हेल्मेटवर फोडताना सावध असले पाहिजे. हेल्मेट सुरू होते त्याच वयात, चौथ्या महिन्याच्या सुमारास, बाळाच्या झोपेची रचना बदलत असते आणि ते रात्री वारंवार जागे होऊ लागते. सहाव्या महिन्याच्या आगेमागे दात येऊ लागतात. त्यामुळे हेल्मेट चढवण्याआधीच्या आठवड्यात बाळ किती वेळा उठत होते याची साधी नोंद ठेवली तर पुढची तुलना खरी होते.

प्रत्यक्ष काळजीत सर्वात मोठा भाग उष्णता आणि त्वचा यांचा आहे. तान्ह्या बाळाच्या शरीराच्या पृष्ठभागात डोक्याचा वाटा सुमारे एक पंचमांश असतो, म्हणून डोके झाकले की अंगातील उष्णता बाहेर पडण्याचा मोठा मार्ग बंद होतो, आणि अतिउष्णता हा झोपेतील आकस्मिक मृत्यूच्या धोक्याच्या घटकांपैकी एक मानला जातो. हेल्मेट असताना टोपडे आणि कुंची दोन्ही बाजूला ठेवावीत, पातळ सुती झबले पुरे समजावे, वाकळ किंवा जाड दुपटे अंगावर घालू नये. ताप आला की हेल्मेट काढून डॉक्टरांना विचारावे. डोक्याखाली उशी अजिबात नसावी, कारण हेल्मेटची जाडी आधीच डोके थोडे उचलते आणि उशीने मान आणखी वाकते. बाळ उताणेच झोपवावे. सपाट भागासमोर मोकळी जागा असल्याने उताण्या झोपेत त्या भागावर पूर्वीसारखा दाब येत नाही.

उरलेला एक तास आंघोळीचा आणि स्वच्छतेचा. या तासात हेल्मेट आतून पुसून पूर्ण वाळवतात आणि बाळाचे डोके कोरडे झाल्यावरच परत घालतात. तेल, पावडर किंवा मलम आत चालत नाही. टाळू भरण्याची सवय असलेल्या घरात हे पाळणे अवघड जाते आणि आजीला त्याचे कारण आधीच समजावून सांगावे लागते. जावळाचाही विचार करावा लागतो. ते दाट असेल तर घाम साचतो, आणि नवस म्हणून राखलेले जावळ उपचाराच्या मध्येच काढले तर हेल्मेट सैल होऊन फिरते. हेल्मेट काढल्यावर दिसणारा लालसर डाग तासाभरात गेला नाही तर ते पुन्हा न घालता ऑर्थोटिस्टला, म्हणजे मापाने आधारसाधने बनवणाऱ्या तंत्रज्ञाला दाखवावे.

साखऱ्यापासूनचे अंतर

वाढत्या डोक्याबरोबर हेल्मेटचे माप दर एक-दोन आठवड्यांनी जुळवावे लागते. साखऱ्याहून सेनगाव, तेथून हिंगोली, मग नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यापुढे हेल्मेट मिळण्याची शक्यता असलेले एखादे महानगर, असा हा प्रवास आहे. सोयाबीनच्या काढणीत किंवा हळद शिजवण्याच्या दिवसांत तो वारंवार करणे शेतकरी कुटुंबाला परवडत नाही. शिवाय मराठवाड्याचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो आणि वीज जाते तेव्हा पंखाही थांबतो. अशा ठिकाणी पहिल्या चार महिन्यांतील प्रतिबंध हाच खरा उपचार ठरतो, आणि त्यासाठी लागणारी माणसे गावातच आहेत.

त्यांत पहिली आशाताई, म्हणजे गावातील आरोग्य स्वयंसेविका; तिच्या गृहभेटींची कल्पना मूळची महाराष्ट्राची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्रियांमार्फत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून त्या धर्तीवरील कार्यक्रम देशभर आला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. २०१८ पासून ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्याच्या भेटींची त्यात भर पडली. म्हणजे बेचाळीसाव्या दिवसानंतर तिसऱ्या महिन्यापर्यंत भेट नाही, आणि न्यूझीलंडच्या आकड्यांनुसार सपाटपणा वाढतो तो याच सुमारास. ही फट भरून काढणारी गोष्ट म्हणजे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे लसीकरण. त्या तीन दिवशी अंगणवाडीत बाळाचे डोके वरून पाहणे, मान दोन्ही बाजूंना सारखी वळते का ते तपासणे आणि आईला चार गोष्टी सांगणे यासाठी वेगळा खर्च लागत नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांच्या नऊ प्रकारांची तपासणी आहे. त्यांत वाकडे पाऊल आणि दुभंगलेला ओठ आहेत, डोक्याचा आकार नाही.

आईला सांगायच्या त्या चार गोष्टीही साध्या आहेत. बाळ जमिनीवर आईशेजारी झोपते आणि तिच्याकडे तोंड करते, म्हणून आईने एक रात्र त्याच्या उजवीकडे आणि दुसरी रात्र डावीकडे झोपावे. पाळण्यात डोके व पाय यांच्या दिशा आलटून पालटून ठेवाव्यात, कारण बाळ उजेडाच्या दाराकडे पाहते. दूध दोन्ही बाजूंनी पाजावे. बाळ जागे असताना आणि कोणी समोर असताना त्याला पालथे घालावे. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात मिळून किमान अर्धा तास सांगते. फिनलंडमध्ये २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत प्रसूतीनंतर लगेच पालकांना असे मार्गदर्शन दिल्याने तीन महिन्यांच्या वयाला विकृतीचे प्रमाण आणि तीव्रता कमी झालेली आढळली.

अनिर्णित मुद्दे

तीव्र विकृतीत हेल्मेट निश्चितपणे किती अधिक देते, हे ठरवणारी चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी अजून हवी आहे, पण तीव्र विकृतीच्या बाळाला काहीच न देणाऱ्या गटात टाकण्यास पालक आणि डॉक्टर दोघेही कचरतात. सौम्य तिरकेपणा कोठे संपतो आणि उपचारयोग्य तिरकेपणा कोठे सुरू होतो याची सीमारेषा देशोदेशी वेगळी आहे, आणि भारतीय बाळांच्या डोक्याची लांबी-रुंदी पाश्चात्त्य मापांवर तोलणे कितपत योग्य आहे हाही प्रश्न उभा आहे. हेल्मेटमधील झोपेविषयीची माहिती मुख्यतः पालकांच्या सांगण्यावर आधारलेली आहे. प्रमुख अभ्यास थंड हवामानाच्या प्रदेशांत झाल्याने २३ तासांचा नियम वैशाखातील मराठवाड्यात जसाच्या तसा लावावा, दुपारच्या झोपेपुरता शिथिल करावा, की उपचार पावसाळ्यापर्यंत पुढे ढकलून वाढीचे मोलाचे आठवडे गमवावेत, यांपैकी कशाचीही शिफारस त्या अभ्यासांतून काढता येत नाही. तोपर्यंत उन्हाळ्यात हेल्मेट लावलेल्या बाळाच्या बाबतीत तो निर्णय ऑर्थोटिस्ट, बालरोगतज्ज्ञ आणि रात्री त्याच्या शेजारी झोपणारी आई यांनी मिळून, बाळाची मान आणि पाठ घामेजते का हे पाहत, घ्यावा लागतो.